खाणीचा वाटा

कामगारांनी स्वतःच्या मालकीने कोळशाची खाण चालवली, याचे सर्वांत ठळक उदाहरण दक्षिण वेल्समधील टॉवर खाणीचे आहे. परवडत नाही म्हणून ब्रिटिश कोल या सरकारी महामंडळाने ती एप्रिल १९९४ मध्ये बंद केली. टायरोन ओ'सलिव्हन या कामगारनेत्याच्या पुढाकाराने २३९ कामगारांनी नोकरी गेल्याच्या भरपाईतून प्रत्येकी ८,००० पौंड काढले. सुमारे १९ लाख पौंड जमले. जानेवारी १९९५ मध्ये तीच माणसे मालक होऊन खाणीत उतरली. कायद्याने ती कंपनी होती, पण प्रत्येकाचा वाटा समान असल्यामुळे कारभार सहकाराचा होता. जानेवारी २००८ मध्ये खाण थांबली, ती काढण्याजोगा कोळसा संपल्यामुळे.

हे कसे जमले? आमच्या आगरदांड्याकडे, राजपुरी खाडीच्या काठी, याचे गणित लवकर कळते. मासळीच्या पैशातून डिझेल-बर्फाचा खर्च वजा झाला की वाटे पडतात. खलाशांचे वाटे असतात, तसे होडीचे आणि जाळ्याचेही असतात. होडीला पोट नाही, मग तिला वाटा कशाला, असे कोणी विचारत नाही. फळी कुजते, इंजिन बिघडते, जाळे फाटते. मालक वेगळा असेल तर तो हा वाटा आठवणीने काढून घेतो. खलाशीच मालक असतील तर होडीच्या वतीने बोलायला कोणी उरत नाही.

खाणीचा वाटा होडीपेक्षा मोठा असतो. होडी पावसाळ्यात ओढून ठेवता येते, खाण ठेवता येत नाही. कोळसा निघो वा न निघो, पाणी उपसावे लागते, मिथेन साचू नये म्हणून पंखे चालवावे लागतात, छताला आधार द्यावा लागतो. शिवाय कोळसा मासळीसारखा पुन्हा येत नाही. म्हणून मजुरी आणि बोनस ठरवण्याआधी यंत्रे, सुरक्षितता आणि बंद होण्याच्या दिवसाची तरतूद बाजूला काढावी लागते. मत देणाराच छताखाली उतरतो, ही या व्यवस्थेची ताकद. त्यालाच घरी दिवाळीही करायची असते, हा तिचा पेच.

मुंबईत कुर्ल्याचा कमानी ट्यूब्ज कारखाना कामगारांनी चालवावा, या योजनेला १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. सुरुवात चांगली झाली, पण पुढे खेळत्या भांडवलाअभावी तो अडचणीत आला. एकजूट होती, गंगाजळी पुरली नाही.

विदर्भातल्या कोळसाखाणी १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाने सरकारकडे गेल्या. कामगाराला पक्की नोकरी मिळाली, मालकी नाही. उद्या तिथली एखादी खाण 'परवडत नाही' म्हणून बंद करायची वेळ आली, तर हिशेबाची वही एकदा कामगारांपुढेही ठेवावी. टॉवरमध्ये वही दुसऱ्या हातात गेली आणि तेच उत्तर १३ वर्षांसाठी बदलले. मात्र वही हाती घेणाऱ्यांनी पहिल्या पानावर खाणीचा वाटा लिहावा, आपला त्यानंतर.