ट्रकच्या पोटातली लाल डबी

मंडळाचा निळा पिकअप ट्रक सर्वांच्या परिचयाचा आहे. गणपतीची आरास, दिवाळीच्या जेवणाची पातेली, नाटकाचा सेट, हे सगळं त्याच्याच पाठीवरून येतं. दर सप्टेंबरात तो हवा असतो आणि दर ऑगस्टात तो आजारी पडतो.

यंदा त्याने जुलैअखेरीसच पांढरा धूर ओकायला सुरुवात केली. एका गॅरेजने बॉनेट जेमतेम उघडून "इंजिन गेलं" असं सांगितलं आणि 2,800 डॉलरचा अंदाज हातात ठेवला. मंडळाच्या खात्यात त्या वेळी 3,100 डॉलर होते, त्यातले निम्मे मराठी शाळेच्या पुस्तकांचे. ट्रक भंगारात काढावा असा ठराव कार्यकारिणीपुढे येणारच होता. आम्ही आठवडाभराची मुदत मागून घेतली. वास्तविक आमची डॉक्टरेट रसायनशास्त्रातली. गिअरबॉक्सशी आमचा संबंध तोवर दांडी "डी"वर ओढण्यापुरताच होता.

सुदैवाने एका सभासदाचे वडील सहा महिन्यांसाठी इथे आले आहेत. काकांची उमर एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली. त्यांनी बॉनेटखाली वाकून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "डॉक्टरसाहेब, गाडीचा क्लच कुठे आहे?" ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्यांनी आयुष्यात उघडला नव्हता. म्हणजे आम्ही दोघेही एकाच पायरीवर होतो.

पहिलं काम ओळखपरेडीचं. ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून दिसणारा सतरा अक्षरांचा क्रमांक 1981 सालापासूनच्या गाड्यांवर असतो. त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं, आठवं इंजिन. आमचं दहावं "बी", म्हणजे 1981. ग्लोव्ह बॉक्सच्या आत एक पिवळट पडलेला कागद चिकटवलेला होता, तो आम्ही इतकी वर्षं वॉरंटीचा समजत होतो. त्यावर कारखान्यात बसवलेल्या प्रत्येक वस्तूचा तीन अक्षरी संकेत असतो. "एलएस9" म्हणजे 350 घनइंचाचं, म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन. "एम38" म्हणजे टर्बो हायड्रामॅटिक 350 हा तीन गतींचा गिअरबॉक्स.

पण कागदावर विसंबून चालत नाही. चाळीस वर्षांहून जुन्या शेव्हरोलेत मूळचा गिअरबॉक्स असेलच असं नाही. म्हणून खाली जाऊन तळाची परात पाहायची. (खाली जाण्यापूर्वी ट्रक स्टँडवर ठेवा आणि चाकांना अडण लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही आत शिरू नये. काकांनी या एका मुद्द्यावर आम्हाला दोनदा बाहेर काढलं.) 350 ची परात जवळजवळ चौकोनी, एक कोपरा तिरका कापलेला, बोल्ट तेरा. थोरल्या 400 लाही तेराच बोल्ट असतात, पण तिची परात वेडीवाकडी. नंतर आलेल्या 700-आर4 ची लांबट चौकोनी, सोळा बोल्टांची. तेव्हा बोल्ट मोजा, पण आकारही पाहा. आमची परात कागदाशी जुळली.

आता वरचा पसारा. एका पट्ट्यावर पंख्यासारख्या चकतीचा एक पंप फिरत होता. काकांना तो ए.सी.चा भाग वाटला, आम्हालाही. तो निघाला धूर शुद्धीकरणाचा हवापंप: तो एक्झॉस्टमध्ये ताजी हवा ढकलतो, म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडण्याआधीच जळतं. मॅनिफोल्डवर बसलेली अळंबीसारखी वस्तू म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह. तो थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडून ज्वलनाचं तापमान उतरवतो, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं कमी होतात. आणि पुढच्या बाजूचा काळा डबा पाहून तर आम्हाला प्रयोगशाळेत आल्यासारखं वाटलं. त्यात सक्रिय कोळसा असतो, टाकीतली पेट्रोलची वाफ तो धरून ठेवतो. "हे सगळं काढून टाका, जोर येईल," असा सल्ला पार्किंगमध्ये फुकट मिळतो. तो घेऊ नये. ही उपकरणं निकामी करणं इथल्या कायद्यात बसत नाही, आणि आपल्या दुखण्याशी त्यांचा संबंधही नव्हता.

दुखणं काकांच्या नाकाने पकडलं. इंजिन चालू करून ते धुरात उभे राहिले आणि म्हणाले, "हा इंजिन ऑइलचा धूर नव्हे. तो निळसर असतो. आणि पाण्याचाही नव्हे, त्याला गोडसर वास येतो." मग तिसरं तेल कोणतं?

इथे आम्हाला मंडळाची वही आठवली. ट्रक नेणाऱ्या तिघांनी तीन वेगवेगळ्या तक्रारी लिहिल्या होत्या. एकाने धुराची, दुसऱ्याने "गिअर उशिरा आणि धक्का देऊन पडतो" अशी, तिसऱ्याने गिअरबॉक्सचं तेल दर खेपेस कमी होतं अशी. तिसऱ्यानेच पुढे लिहिलं होतं, "जमिनीवर थेंबही नाही." या तिन्ही नोंदी कोणी एकत्र वाचल्या नव्हत्या, आम्हीही नाही.

गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला, उजवीकडे, लहान मुलाच्या मुठीएवढी पत्र्याची डबी आहे. तिच्यातून रबरी नळी निघून पुढे लोखंडी नळीने इंजिनाच्या मॅनिफोल्डपर्यंत जाते. काकांनी विचारलं, "गिअरबॉक्सला इंजिनाची हवा कशाला?" प्रश्न नेमका होता. ती डबी म्हणजे व्हॅक्यूम मॉड्युलेटर. आत एक पातळ पडदा आणि स्प्रिंग. ॲक्सिलरेटरवर पाय हलका असला की इंजिनाचं व्हॅक्यूम जास्त, पडदा ओढला जातो, तेलाचा दाब कमी राहतो आणि गिअर लवकर, हळुवार बदलतो. पाय दाबला की उलट. पडदा फाटला तर गिअरबॉक्सला वाटतं, पाय कायम दाबलेलाच आहे. म्हणून उशीर आणि धक्का. शिवाय इंजिन त्याच नळीतून गिअरबॉक्सचं तेल चोखून जाळू लागतं. म्हणून धूर, आणि म्हणून जमिनीवर थेंब नाही.

इंजिन थंड झाल्यावर आम्ही नळी काढली. नळीतून लाल थेंब कागदी कॉफी फिल्टरवर पडला. गिअरबॉक्सच्या तेलात लाल रंग मुद्दाम घालतात, गळती कुठली ते कळावं म्हणून. इतकी स्वस्त आणि इतकी निर्णायक चाचणी प्रयोगशाळेत क्वचितच मिळते.

नवी डबी करासकट एकोणीस डॉलरला आली. एक बोल्ट, एक पकड, बस्स. डबी काढताना मागची छोटी दंडगोल झडप घरंगळून बाहेर येऊ शकते. आमची आलीच, आणि काकांनी ती हवेत झेलली. जुनी नळीही बदलली. एक्झॉस्टमध्ये साचलेलं तेल जळेपर्यंत अर्धा तास धूर निघाला, शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मग थांबला.

ट्रक नेणाऱ्यांना विनंती: डिपस्टिक दोन आहेत. इंजिन ऑइल इंजिन बंद असताना पाहावं. गिअरबॉक्सचं मात्र गाडी गरम झाल्यावर, "पार्क"मध्ये, इंजिन चालू ठेवून. दोन्ही आकडे वहीत लिहावेत आणि आधीच्या खेपेची नोंदही वाचावी. काका ऑक्टोबरात परत जाणार आहेत. तोवर शनिवारी सकाळी ते ट्रकपाशी सापडतील. चहा न्यावा, साखर कमी.