विसरलेली तबकडी परत कशी येते

आशा पुथली हे नाव आज मुंबईतल्या किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे. मुंबईत वाढलेल्या, हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतलेल्या या गायिकेनं 1971 साली न्यूयॉर्कमध्ये ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या जॅझ अल्बमसाठी गाणी म्हटली. पुढे डिस्कोचा भर असताना, 1976 मध्ये, सीबीएसनं त्यांचा ‘द डेव्हिल इज लूज’ काढला. त्यातलं ‘स्पेस टॉक’ आज जगभरचे डीजे वाजवतात. मधल्या काळात हे गाणं जिवंत कसं राहिलं, हे पाहिलं की अशा कलाकारांच्या ‘पुनर्शोधा’मागची सगळी यंत्रणा दिसते. पुनर्शोध हा शब्द जरा भाबडाच आहे. हे गाणं या हातातून त्या हातात फिरत राहिलं आणि त्या प्रत्येक हाताचा हेतू वेगळा होता.

पहिला हात डीजेचा. डेव्हिड मॅन्कुसो 1970 पासून न्यूयॉर्कमध्ये आपल्या राहत्या जागेत, ‘लॉफ्ट’मध्ये, निमंत्रितांसाठी नाचाच्या पार्ट्या भरवायचा. दारूची विक्री नाही, पण आवाजाची यंत्रणा उत्तम. रेडिओवर काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, त्यामुळे ‘स्पेस टॉक’सारखं गाणं तिथे रुजलं. तिथे नाचलेल्यांपैकी काही जण पुढे स्वतः डीजे झाले आणि त्यांच्या पेटीतून ही गाणी दुसऱ्या पिढीकडे गेली.

इंग्लंडच्या उत्तर भागात हाच प्रकार अधिक कडवा होता. तिथल्या ‘नॉर्दर्न सोल’ क्लबांत अमेरिकेत न खपलेल्या साठच्या दशकातल्या सोल तबकड्यांना सोन्याचा भाव. दुर्मीळ तबकडी सापडली की काही डीजे तिच्या लेबलावर कागद चिकटवत आणि गायकाचं नाव खोटंच सांगत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला माग लागू नये. मला यात कलाप्रेमाइतकीच व्यापारी बुद्धी दिसते. फ्रँक विल्सनचं 1965 चं मोटाउन कंपनीचं गाणं ‘डू आय लव्ह यू’ यातलं सर्वांत गाजलेलं. त्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मूळ प्रती उरल्या; त्यांतली एक 2009 मध्ये पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली. या व्यवहारात विल्सनला मिळण्यासारखं काहीच नव्हतं. वापरलेली तबकडी कितीही वेळा विकली गेली तरी गायकाला रॉयल्टी लागू होत नाही.

कलाकारापर्यंत पैसा पोचण्याची शक्यता खरी सुरू होते ती सॅम्पलिंगपासून. हिपहॉपचा निर्माता जुनी तबकडी सगळी ऐकत बसत नाही. ढोलाचा मोकळा तुकडा, बेसची चाल, श्वासासारखा एखादा सूर एवढंच त्याला हवं असतं. तो तुकडा सॅम्पलरमध्ये उतरवायचा, वेग बदलायचा आणि फिरता ठेवायचा. नोटोरिअस बी.आय.जी.च्या 1997 च्या ‘लाइफ आफ्टर डेथ’मध्ये ‘स्पेस टॉक’चा असाच वापर झाला आणि लाखो कानांवर ते गेलं, बहुतेकांना मूळ आवाज कुणाचा हे ठाऊकही नसेल.

1991 मध्ये रॅपर बिझ मार्कीच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयानं परवानगीविना घेतलेल्या सॅम्पलला चोरी ठरवलं, तेव्हापासून परवानग्यांचा कारभार काटेकोर झाला. परवानग्या दोन लागतात: रचनेसाठी गीतकार-संगीतकाराच्या प्रकाशकाची आणि ध्वनिमुद्रणासाठी मास्टरच्या मालकाची. गायिकेनं गाणं स्वतः लिहिलेलं नसेल आणि मास्टर कंपनीकडे असेल, तर तिच्या वाट्याला काय येणार हे जुन्या करारावर ठरतं. सत्तरच्या दशकातले करार कुणाच्या सोयीचे असत, हे सांगायला नको.

यानंतर पुनर्प्रकाशन. छोटी कंपनी आधी हक्क कुणाकडे आहेत ते शोधते. हे काम कंटाळवाणं, कारण मूळ कंपन्या विकल्या गेलेल्या असतात. सीबीएस रेकॉर्ड्स 1988 मध्ये सोनीकडे गेली. मग मास्टर टेप. त्या काळातल्या काही टेपांवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारं द्रव्य दमट हवेनं चिकट होतं. अशी टेप सुमारे पन्नास अंश सेल्सिअसच्या उबेत कित्येक तास ठेवतात. त्यामुळे ती काही काळ वाजवण्याजोगी होते आणि तेवढ्यात तिची नक्कल उतरवून घेतात. टेपच नसेल तर सर्वांत स्वच्छ तबकडी शोधून तिच्यावरूनच काम भागवायचं. म्हणून संग्राहक लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक तपासतात. छपाई कोणत्या साच्यातली, याचा अंदाज त्यावरून येतो.

अलीकडे मात्र कुणी दुकानांत धूळ खात तबकड्या शोधण्याआधीच यूट्यूबची शिफारस काम करून टाकते. बंगाली गायिका रूपा यांचा ‘डिस्को जॅझ’ कॅनडातल्या कॅलगरीत मुद्रित झाला. चारच गाणी, साथीला आशिष खाँ यांचं सरोद. 1982 मध्ये तो भारतात आला तेव्हा गायिका नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’ आधीच घरोघरी वाजत होता. रूपांचा अल्बम पडला. अनेक वर्षांनी त्यातलं ‘आज शनिबार’ इंटरनेटवर अनोळखी श्रोत्यांपुढे येऊ लागलं, आणि 2019 मध्ये शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपनं तो पुन्हा काढला. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे हा अल्बम छापायला इथे 2042 अखेरपर्यंत परवानगी लागेल. चोरून प्रती काढणारे अर्थातच इतकं थांबत नाहीत.