प्रतिज्ञेतील एक शब्द

निरीश्वरवादी आणि श्रद्धावंत यांच्या सहवासात मतभेदापेक्षा शब्दच पुष्कळदा अधिक अडचणीचे ठरतात. आंध्रातील कट्टर निरीश्वरवादी गोरा (गोपराजू रामचंद्र राव) यांनी आपल्या कन्येचा विवाह अस्पृश्य गणलेल्या जातीतील तरुणाशी ठरविला. तो सेवाग्राम आश्रमात व्हावा, अशी इच्छा गांधीजींनी दर्शविली. परंतु ईश्वराला स्मरून प्रतिज्ञा घेणे गोरांच्या दृष्टीने असत्याचरणच ठरले असते. गांधीजींनी ईश्वराऐवजी सत्याचे नाव घेण्यास संमती दिली. हे निव्वळ सौजन्य नव्हे. ईश्वर हे सत्य, असे न म्हणता सत्य हाच ईश्वर, असे ते पूर्वीपासूनच म्हणत आले होते, कारण सत्याचा इन्कार नास्तिकही करीत नाही. आपले मत मात्र दोघांपैकी कोणीही सोडले नाही. गांधीहत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये, तो विवाह सेवाग्रामातच झाला.