मुलाचाही 'हँडओव्हर' लिहा!



रॅफल्स प्लेसच्या ऑफिसांत काम करणारे आपल्यापैकी बरेच जण आयटीतले. प्रोजेक्ट दुसऱ्याकडे सोपवताना आपण पानेच्या पाने 'हँडओव्हर' लिहितो. पण आमच्या मुलाला ऑटिझम आहे हे कळल्यावर आम्ही थेरपिस्टकडे गेलो ते फक्त रिपोर्टांची फाईल घेऊन. त्या सांगतील ते करायचे, एवढीच तयारी.

तिथे तो तासभर रडायचा. शेजारच्या स्वच्छतागृहातल्या हात वाळवण्याच्या मशीनला तो घाबरतो, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही सांगितले नाही, त्यांनी विचारले नाही. दोन महिने वाया गेले.

मार्ग दाखवला ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याने. जपानमध्ये अशा मुलांचे अनेक पालक 'सपोर्ट बुक' तयार करतात. मुलाची ही ओळखवही शिक्षक किंवा थेरपिस्ट बदलला की नव्या माणसाच्या हाती देतात. नोंदींची सवय तिथे जुनीच आहे. आई आणि बाळ दोघांसाठी मिळून एकच सरकारी पुस्तिका 1948 पासून आहे आणि तीत आईही लिहिते. सिंगापूरच्या बाळांच्या आरोग्य पुस्तिकेतही विकासाचे टप्पे पालकांनी भरायचे असतात. म्हणजे आपले निरीक्षण डॉक्टरांना हवेच असते!

आम्ही दोन पाने लिहिली:

1. बोलणे: 'मम्' म्हणजे पाणी. घरी मराठी. (दोन भाषांमुळे अशा मुलांचे बोलणे मागे पडते, याला अभ्यासांत आधार मिळालेला नाही. मराठी सोडू नका.)
2. भीती आणि उपाय: मोठा आवाज झाला की कान झाकतो. आजीची गोधडी दिली की शांत होतो.
3. आवड: एमआरटीच्या स्टेशनांची नावे.
4. पुढच्या तीन महिन्यांत आम्हाला काय हवे: चमच्याने स्वतः वरणभात खाणे.

थेरपिस्टबाईंनी खोली बदलली आणि स्टेशनांच्या चित्रांवरून शब्द शिकवायला घेतले. चमच्याचा सराव कसा घ्यायचा, हे आम्हाला शिकवले. त्यांचे शास्त्र आणि आमची माहिती अशी जोडी जमली.

इथली सरकारी अनुदाने मुख्यतः नागरिकांसाठी असतात. वर्क पासवरच्या कुटुंबाला थेरपीचा एकेक तास महाग पडतो. शिवाय आपली बदली कधीही होऊ शकते. मुंबईला परतणाऱ्यांसाठी, तिथे 2001 साली डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी सुरू केलेली 'उम्मीद' संस्था कुटुंबाला बरोबर घेऊनच काम करते. कुठेही गेलात तरी ही दोन पाने बरोबर ठेवा आणि दर सहा महिन्यांनी नवी लिहा.

आमची आता चौथी आवृत्ती चालू आहे. चमचा जमला, आता बुटाची नाडी!