जुनी पिकअप शेतीकामासाठी घेताना : आधी ब्रेक, मग रंग

भाजीपाला, फळे व दूध वेळेवर बाजारात पोहोचविण्यासाठी अनेक शेतकरी जुनी पिकअप विकत घेतात. गाडी घेतल्यावर पहिला खर्च बहुधा रंग, नवा हौदा व जादा पाटे यांवर होतो. वास्तविक भरलेली गाडी माळशेज किंवा कसारा घाट उतरते, तेव्हा जीव आणि माल ब्रेकच्या भरवशावर असतात. म्हणून दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१) चासी : खताची गळालेली पोती व ओला माल यांमुळे हौद्याखालील लोखंड गंजते. गाडी धुऊन चासी, विशेषतः पाटे अडकविण्याच्या जागा, हातोडीने ठोकून पाहाव्यात. आवाज बद्द आला, पापुद्रे निघाले किंवा जुने वेल्डिंग दिसले तर सौदा करू नये. चासी व इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून घ्यावेत.

२) ब्रेक : इंजिन चालू ठेवून पॅडल मिनिटभर दाबून धरावे. ते हळूहळू खाली गेल्यास गळती किंवा मास्टर सिलिंडरचा दोष समजावा. लायनर, व्हील सिलिंडर व रबरी नळ्या तपासाव्यात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. असे ऑइल उतारावर तापून उकळते व ब्रेक लागत नाही. म्हणून जुन्या गाडीतील ऑइल प्रथमच पूर्ण बदलावे.

३) स्टिअरिंग व टायर : पुढील चाक जॅकवर उचलून वर-खाली व आडवे हलवावे. खेळ आढळल्यास बेअरिंग, किंगपिन किंवा टाय रॉड पाहावा. टायरची नक्षी १.६ मि.मी. पेक्षा कमी नसावी. टायरवरील चार अंकी आकड्यावरून वय कळते. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा.

४) इंजिन : थंड इंजिन स्वतःसमोर सुरू करावे. सतत निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते. भाराखाली काळा धूर आल्यास आधी एअर फिल्टर व इंजेक्टर पाहावेत. ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे.

जादा पाट्यांचा मोह

पाटे वाढविल्याने गाडी बसत नाही, पण ब्रेक, ॲक्सल व टायर तेच राहतात. काही गाड्यांत मागील ब्रेकचा जोर भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो. पाटे ताठ झाल्यास गाडी कमी दबते आणि भार असूनही मागचा ब्रेक कमी लागतो.

भाराचा हिशेब नोंदणी पुस्तकावरून करावा. समजा, भरलेल्या गाडीचे मंजूर वजन २,७०० किलो व रिकाम्या गाडीचे १,५०० किलो आहे. फरक १,२०० किलो. चालक व सोबत्याचे १५० किलो वजा जाता १,०५० किलो उरतात. भरलेला क्रेट २२ किलोचा असल्यास ४७ क्रेट बसतील. जाड पत्र्याच्या हौद्याने १०० किलो वजन वाढविल्यास ४३ च. म्हणजे प्रत्येक फेरीला चार क्रेटचा तोटा.

कागदपत्रे

नमुना २९ व ३० भरून गाडी नावावर करावी. कर्ज असल्यास नमुना ३५ घ्यावा. थकित दंड व कर पाहावा. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा. हौद्यात मजूर बसवू नयेत. ते बेकायदेशीर असून अपघातात भरपाई मिळणे कठीण होते.

वापरातील काळजी

खत वाहिल्यावर हौदा त्याच दिवशी धुवावा व पाणी निचरण्याची भोके मोकळी ठेवावीत. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करू नये.

दुरुस्तीचा अंदाज सौद्यापूर्वीच माहितगार मिस्त्रीकडून घेऊन तो किमतीत धरावा. स्वस्त गाडी खरोखर स्वस्त आहे की नाही, हे त्यावरूनच ठरते.