फवारणीचे विष पेशींत काय करते? कर्करोगाआधीच्या खुणा अशा शोधतात

यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अशी विषबाधा काही तासांत कळते. मात्र वर्षानुवर्षे थोडे थोडे कीटकनाशक अंगावर घेणाऱ्याला काहीच जाणवत नाही. त्याच्या शरीरात नेमके काय घडते?

विषबाधा आणि कर्करोग यांत फरक काय?

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके मज्जातंतूंच्या कामासाठी आवश्यक असलेले एक विकर रोखतात. त्यामुळे उलट्या, अंधूक दिसणे, श्वास लागणे असा त्रास लगेच होतो. कर्करोगाची वाट वेगळी आहे. काही रसायने पेशीतील डीएनएला इजा करतात. बरीचशी इजा पेशी स्वतःच दुरुस्त करते. दुरुस्ती राहून गेली आणि बदल साठत गेले, तर पेशींची वाढ बेसुमार होऊ शकते. त्याला अनेक वर्षे लागतात.

खुणा कशा दिसतात?

गालाच्या आतून मऊ ब्रशने पेशी घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पेशी विभागताना गुणसूत्राचा तुटका तुकडा मागे राहिला, तर मुख्य केंद्रकाशेजारी एक चिमुकले केंद्रक दिसते. त्याला ‘मायक्रोन्यूक्लियस’ म्हणतात. फवारणी करणाऱ्यांवरील अनेक अभ्यासांत अशी केंद्रके जास्त आढळली आहेत. तंबाखूमुळेही ती वाढतात, त्यामुळे तुलना करताना व्यसनाची नोंद घ्यावी लागते.

म्हणजे कर्करोग होणारच का?

नाही. ही इजेची खूण आहे, आजाराचे निदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लिंडेनला ‘कर्करोगकारक’, तर मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट यांना ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. ही वर्गवारी पुरावा किती भक्कम आहे ते सांगते. किती संपर्कात किती धोका, हे सांगत नाही. ग्लायफोसेटबाबत अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मत वेगळे आहे.

काळजी काय घ्यावी?

कीटकनाशक मोठ्या प्रमाणात त्वचेतून शरीरात जाते. म्हणून औषध कालवतानाच हातमोजे घालावेत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. काम संपताच साबणाने अंघोळ करावी आणि फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. गाठ दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. संपर्क मात्र आजच कमी करता येतो.