उंची लिहून ठेवा, माहेरचा नंबरही

आजचा विषय जड आहे. पण चाकण, भोसरी, तळवड्याच्या कंपन्यांत जाणाऱ्या प्रत्येकीच्या घराशी त्याचा संबंध आहे, म्हणून आम्ही तो घेतला.

७ जून २०२१ ला पिरंगुटजवळ उरवड्यात एका कारखान्याला आग लागली. १७ कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका. चेहऱ्यावरून ओळख पटेना. मृतदेह ससूनला नेले आणि नातेवाइकांशी डीएनए जुळवून कोण कोणाचं ते ठरवावं लागलं.

अशा वेळी, किंवा कुठे नुसती हाडं सापडली तर, डॉक्टर आधी तीन गोष्टींचा अंदाज घेतात: बाई की पुरुष, वय किती, उंची किती.

हाडावरून उंची कशी कळते? आपल्या शरीराचे भाग एकमेकांच्या प्रमाणात असतात. घरी करून बघा. दोन्ही हात आडवे पसरा आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत टेपने मोजा. आकडा आपल्या उंचीच्या जवळपास येतो. हाडांमध्ये सगळ्यात कामाचं मांडीचं हाड. ते उंचीच्या पाव हिश्श्याहून थोडं जास्त असतं. ४० सेंटिमीटरचं हाड असेल, तर उंची साधारण १५० सेंटिमीटर, म्हणजे चार फूट अकरा इंच. त्यात तीन-चार सेंटिमीटर कमी-जास्त धरायचे.

हा अंदाजच असतो. जळलेलं हाड आकसतं, मग उंची कमी भरते. म्हातारपणी पाठीचा कणा दबतो, पण मांडीचं हाड तेवढंच राहतं. शिवाय हातापायांचं प्रमाण सगळीकडच्या लोकांत सारखं नसतं. परदेशी माणसांच्या मापांवर बसवलेलं गणित आपल्याला तंतोतंत लागू होत नाही, म्हणून आपल्याकडची मापं वेगळी घ्यावी लागतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या इरावती कर्वे यांनी वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या लोकांची शरीरमापं १९५१ मध्येच प्रसिद्ध केली होती.

तेव्हा उंचीवरून नाव कळत नाही, पण बेपत्ता माणसांची यादी छोटी होते. मात्र त्यासाठी घरच्यांनी दिलेली उंची खरी हवी. पोलीस विचारतात तेव्हा आपण सांगतो, "मध्यम." मध्यम म्हणजे किती? आधार कार्डावरही उंची नसते.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करू. भिंतीला टाच टेकवून, चप्पल काढून प्रत्येकीची उंची मोजू. एका कागदावर ती लिहू. सोबत जुनं मोडलेलं हाड, पडलेला किंवा बसवलेला दात, ऑपरेशनचा व्रण, गोंदण, आणि कोणत्या ठेकेदाराकडे, कोणत्या कंपनीत कामाला जातो ते. एक फोटो जोडू. कागद घरात ठेवू, आणि कामावर निघताना सोबत नेऊ नये, नाहीतर तोही आपल्याबरोबर जळेल.

शेवटचं, फार महत्त्वाचं. डीएनए जुळवायला नवऱ्याचं रक्त चालत नाही, कारण ते नातं रक्ताचं नाही. आई, वडील, सख्खी भावंडं किंवा पोटची मुलं लागतात. लातूर, नांदेड, यवतमाळहून आलेल्या मैत्रिणींनो, त्या कागदावर माहेरचा फोन नंबर नक्की लिहा. आणि घरातलं कोणी परतलं नाही, तर वाट बघत बसू नका. ११२ लावा, लगेच पोलीस ठाण्यात जा आणि तो कागद सोबत न्या.